भाड्याच्या घरातील तालीम

बल कमवावयाचे तर प्रथम पैसा हवा, ही समजूत फार जुनी नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या तालमींत एके काळी जी साधने असत, त्यांची यादी दोन ओळींत संपे: हौद्यातील तांबडी माती, मुद्गलांची एखादी जोडी, मधोमध मूठ असलेली दगडी नाल आणि भिंतीवर मारुतीची तसबीर. उरलेले काम जोर आणि बैठका करीत, आणि त्यांना भांडवल लागत नसे. आज व्यायामशाळा म्हटली की आरसे, चकाकणारी यंत्रे, वातानुकूलित दालन आणि महिन्याची वर्गणी एवढे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याचा खिसा लहान आहे असा तरुण हे चित्र पाहून दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो व्यायामाचा विचार सोडून देतो, किंवा मिळेल ते लोखंड घरी आणून, एकट्याने आणि कोणाच्याही मार्गदर्शनावाचून उचलू लागतो. पहिल्या मार्गाने प्रकृतीची हानी हळूहळू होते. दुसऱ्या मार्गाने ती एखादे वेळी एका क्षणात होते.

या दोहोंच्या मधला मार्ग आहे काय, हा प्रश्न कोणत्याही शहरी गृहस्थाचा असला तरी चेन्नईतील मराठी माणसाला तो विशेष जाणवावा अशी परिस्थिती आहे. या शहरात मराठी वस्ती नवी नव्हे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. तिकडची कित्येक घराणी कालांतराने मद्रासला येऊन स्थिरावली. पुढे रेल्वे, बँका, आणि अलीकडे संगणक-व्यवसायातील कंपन्या यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तरुण मंडळी येत राहिली. त्यांचे घर बहुधा भाड्याचे असते, दोन खोल्यांचे असते, आणि खाली किंवा शेजारी घरमालक राहत असतो. दहा महिन्यांचे भाडे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून आगाऊ ठेवून घेण्याची या शहरातील जुनी रीत ज्याने अनुभवली आहे, त्याला लाद्या फुटण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

घरात लोखंड आणण्यापूर्वी घराबाहेर काय आहे ते पाहणे शहाणपणाचे. चेन्नई महानगरपालिकेच्या व्यायामशाळा शहरात आहेत. त्यांतील साधने कधी जुनी असतात, परंतु लोखंडाचे वजन जुनेपणाने कमी होत नाही. शारीरिक शिक्षणाची परंपरा तर या शहरात शंभर वर्षांची आहे. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि देशभरच्या शाळांतील कितीतरी व्यायामशिक्षक तेथे तयार झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाबरोबर हेच बक होते. ज्याला अशी एखादी जागा जवळ आहे आणि जाण्यास वेळ आहे, त्याने घरी खटाटोप करू नये. परंतु कामाच्या वेळा आडव्या येतात, बसचा प्रवास तासाचा होतो, आणि घरातील स्त्रियांना तर सोयीची वेळ क्वचितच मिळते. घरच्या तालमीचे खरे प्रयोजन तेथे आहे.

वजन उचलण्याची कला तमिळ मुलुखाला परकी मुळीच नाही. तिकडच्या खेड्यांत ‘इळवट्टक्कल’ नावाचा गुळगुळीत, गोल धोंडा असे. तो उचलून खांद्यावर घेतल्यावाचून तरुण लग्नाला योग्य ठरत नसे, अशी रूढी सांगतात, आणि तिरुनेलवेली जिल्ह्यातील काही गावांत पोंगलच्या दिवसांत हा धोंडा उचलण्याच्या स्पर्धा आजही होतात. ‘कर्लाकट्टै’ म्हणजे आपल्या मुद्गलाचे सख्खे भावंड. १९०४-०५ च्या सुमारास युजेन सँडो हा जगप्रसिद्ध बलोपासक हिंदुस्थानात येऊन गेला, त्यानंतर त्याचे नाव येथे पदवीसारखे वापरले जाऊ लागले. तमिळ चित्रपटांचे निर्माते चिन्नप्पा देवर हे मूळचे कोइमतूरचे व्यायामपटू. अखेरपर्यंत ते ‘सँडो’ चिन्नप्पा देवर म्हणूनच ओळखले गेले. महाराष्ट्रात त्या नावाच्या वाट्याला बिनबाह्यांचे बनियन आले, हा भाग निराळा.

अलीकडची दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरचे सतीश शिवलिंगम यांनी २०१४ मध्ये ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ७७ किलो गटात एकूण ३२८ किलो उचलून सुवर्णपदक मिळवले, आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे ते पुन्हा मिळवले. त्यांचे वडील स्वतः भारोत्तोलक होते व सैन्यात होते. मुलाचे पहिले धडे घरच्या माणसाकडून झाले. दुसरे उदाहरण सांगलीचे. संकेत सरगर यांच्या वडिलांची चहा-पानाची टपरी. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात संकेत यांनी ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलले. मलेशियाच्या स्पर्धकाने २४९ उचलले, आणि सुवर्ण एका किलोने हुकले. १३९ किलोंच्या प्रयत्नात त्यांच्या कोपराला दुखापत झाली, हेही सर्वांनी पाहिले. ज्याच्या जवळ प्रशिक्षक, वैद्य आणि प्रमाणित साधने होती त्याचीही ही गत होऊ शकते, तर बंद खोलीत एकट्याने रॉड उचलणाऱ्याने किती जपून राहावे, याचा अंदाज यावरून यावा.

काटकसरीचा विचार येथून सुरू होतो. घरच्या तालमीत दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक, ज्या केवळ जड असाव्या लागतात. दुसऱ्या, ज्या त्या जडपणाला धरून ठेवतात. वजनाच्या चकत्या, ज्यांना सर्वत्र ‘प्लेट’ म्हणतात, पहिल्या प्रकारात मोडतात. त्या लोखंडाच्या असोत, सिमेंटच्या असोत की वाळूच्या पोत्याच्या रूपाने असोत, दहा किलो म्हणजे दहा किलोच; स्नायूला त्यातील भेद कळत नाही. रॉड, स्टँड, बाक आणि जमीन या दुसऱ्या प्रकारच्या वस्तू. पैसे वाचवावयाचे ते सारे पहिल्या प्रकारात वाचवावेत, आणि जमलेल्या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग निःशंकपणे दुसऱ्या प्रकारावर खर्च करावा. बाजारात मात्र याच्या उलट घडताना दिसते. रबराच्या रंगीत प्लेटांवर पैसा संपतो आणि रॉड कोठलाही चालतो.

चेन्नईत जड वस्तूंचा तुटवडा नाही. खेळाच्या सामानाची दुकाने पेरियमेटला आहेत. तेथे नव्या बिडाच्या प्लेटा मिळतात आणि त्यांचा भाव किलोवर ठरतो. त्याहून स्वस्त हवे असेल तर पुदुपेटला जावे. जुन्या मोटारींचे सुटे भाग आणि भंगार यांचा तो प्रसिद्ध बाजार. भंगाराच्या दुकानाला चेन्नईची बोली ‘कायलान कडै’ म्हणते. फ्लायव्हील, ब्रेकची चकती, मालमोटारीचे दातेरी चाक, यांतील प्रत्येक वस्तू गोल, भरीव आणि मधोमध छिद्र असलेली. प्लेट होण्यासाठीच जन्मली असावी असे वाटते. अडचण छिद्राच्या मापाची. रॉडहून छिद्र मोठे असले तर वजन खुळखुळते आणि उचलताना एकीकडे झुकते. यावर उपाय लेथवाल्याकडे असतो. तो छिद्रात मापाचा बुश बसवून देतो. दोन गोष्टी मात्र तेथेच उरकून घ्याव्यात: जोडीतील दोन्ही चकत्या एकाच काट्यावर तोलून घेणे आणि वजनाचा आकडा रंगाने त्यांवर लिहिणे. दोन बाजूंत अर्ध्या-पाऊण किलोचा फरक हाताला जाणवत नाही, पण पाठीच्या कण्याला तो रोज जाणवतो.

सिमेंटच्या चकत्या घरी ओतता येतात आणि त्यांत अवघड असे काही नाही. काँक्रीटचा एक लिटर सुमारे २.४ किलो भरतो. तेव्हा दहा किलोंच्या चकतीला चार लिटरांहून किंचित अधिक मिश्रण लागेल. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट बुडाच्या टबात ते सहा सेंटिमीटर जाडीचे बसते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग बारीक खडी, जिला येथील गवंडी ‘जल्ली’ म्हणतात, हे प्रमाण पुरेसे होते. मधोमध रॉडच्या मापाचा प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा उभा करावा आणि निम्मे मिश्रण ओतल्यावर त्यावर तारेच्या जाळीचा गोल तुकडा ठेवून मग उरलेले ओतावे. जाळी नसेल तर पहिल्या आपटीला चकतीचे दोन अर्धचंद्र होतात. ओतल्यानंतर आठवडाभर ओले पोते टाकून ठेवणे आवश्यक. काँक्रीटला त्याचे हिशेबातले बळ २८ दिवसांनी येते, आणि तेवढा धीर धरणे हाही व्यायामाचाच भाग समजावा.

या चकत्यांचा एक दोष आधीच ठाऊक असलेला बरा. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला रॉड साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर राहतो. तीस सेंटिमीटरची चकती लावली की तो पंधरावर येतो आणि उचलणाऱ्याला साडेसात सेंटिमीटर अधिक वाकावे लागते. नवशिक्याची कंबर दुखते ती पुष्कळदा याच कारणाने, वजनाने नव्हे. चकत्यांखाली लाकडी ठोकळे ठेवून उंची भरून काढावी.

वाळूचे पोते हे तर गरिबाचे सर्वांत प्रामाणिक साधन. कोरड्या वाळूचा लिटर सुमारे १.६ किलो भरतो. पंचवीस किलोंना सोळा लिटरांच्या आतबाहेर वाळू पुरते. ती आधी जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून मग कॅनव्हासच्या पोत्यात शिवावी. मरीनाच्या किनाऱ्यावरून वाळू आणण्याचा मोह कोणी करू नये. किनारी प्रदेशाच्या नियमांनी त्यास मनाई आहे, आणि त्या वाळूतील मीठ दमट हवेतले पाणी ओढून घेते. घरात तांदळाचे पोते असतेच. २०२२ मध्ये पंचवीस किलोंपर्यंतच्या बंद पोत्यांवर कर बसला, तेव्हा तमिळनाडूतील व्यापाऱ्यांनी २६ किलोंची पोती विकावयास काढली. करशास्त्राने व्यायामशास्त्राला दिलेली एक किलोची ही देणगी होय. ते पोते नीट पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून आणि अंगाजवळ धरून दहा वेळा उचलता येत नसेल, तर रॉड विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

आता रॉड. स्पर्धेतील पुरुषांचा रॉड २० किलोंचा, २.२ मीटर लांबीचा आणि पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाडीचा असतो; स्त्रियांचा १५ किलोंचा व २५ मिलिमीटरचा. बांधकामावरील कोणताही लोखंडकाम करणारा कारागीर गोल कांबेचे वजन तोंडी सांगतो: मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलो निघतात. या हिशेबाने २५ मिलिमीटरची कांब मीटरला ३.८६ किलो भरते आणि दोन मीटरचा रॉड पावणेआठ किलोंच्या आसपास जातो. बांधकामाची पिळाची सळई यासाठी घेऊ नये. तिच्या कंगोऱ्यांनी हाताची आणि मानेची साल निघते. गुळगुळीत गोल कांब मागावी.

ही कांब किती पेलते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रॉड खांद्यावर घेतला असता वजनांचा मध्य खांद्यापासून अर्ध्या मीटरवर येतो असे धरले, तर साध्या पोलादाची २५ मिलिमीटरची कांब दोन्ही बाजूंचे मिळून दीडशे किलोंच्या सुमारास कायमची वाकते. हा आकडा स्थिर उभे राहण्याचा झाला. बैठकीतून उठताना बसणारा हिसका जमेस धरला की विश्वासाची मर्यादा शंभराच्या आतच ठेवावी लागते. कांबेचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्यास केवळ तीन मिलिमीटरने वाढवून २८ केला तरी बळ सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते; आणि लेथवाले ज्याला ‘ईएन-८’ म्हणतात ते मध्यम कार्बनचे पोलाद घेतले तर त्याहूनही निश्चिंतता येते. पैसा येथे घालावा. दोन वजनांच्या मध्ये कोठेही वेल्डिंग केलेला रॉड, मग तो फुकट मिळो, घरात आणू नये. मोटारीच्या जुन्या आसाला वेल्ड मारून केलेले रॉड पाहण्यात येतात. असे टणक पोलाद वेल्डच्या शेजारी तडकते, आणि तडकण्यापूर्वी सूचना देत नाही.

घरगुती तालमीतील खरा धोका स्टँड आणि बाक यांच्यापाशी असतो. रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून त्यांत पाइप उभे करावयाचे आणि त्यांवर रॉड ठेवावयाचा, ही युक्ती सर्वत्र प्रचलित आहे. स्वस्त आहे, यात शंका नाही. पण डबा अरुंद, पाइप उंच आणि रॉड ठेवणारा दमलेला, असे त्रांगडे जमले की एक खांब सरकतो व सारा भार एका बाजूने कोसळतो. दोन्ही खांब खाली एकमेकांना जोडलेले असावेत, आणि छातीच्या उंचीखाली दोन्ही बाजूंना आडवे, भक्कम आधार असावेत, म्हणजे हात सुटला तरी रॉड अंगावर न येता त्यांवर टेकेल. दीड-दोन इंची चौकोनी पाइपाचा असा स्टँड कोणताही वेल्डर बनवून देतो. अंबत्तूर किंवा गिंडीच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशा कारागिरांची वाण नाही. हे आडवे आधार करण्याइतके पैसे नसतील, तर बाकावर पाठ टेकून, एकट्याने, छातीवर रॉड घेण्याचा व्यायाम करूच नये. या एका बाबतीत सवलत नाही. गळ्यावर अडकलेला रॉड बाजूला सारण्याचे बळ, तो अडकतो त्या क्षणी, कोणाच्याही अंगात उरलेले नसते. तेवढ्यासाठी जोर आहेत. पाठीवर वाळूचे पोते ठेवून काढलेले वीस जोर छातीचे कोणतेही काम अडू देत नाहीत. स्टँडच नसेल तर खांद्यावर रॉड घेऊन बैठका काढण्याऐवजी पोते छातीशी कवटाळून काढाव्यात. पेलले नाही तर ते पुढे टाकून देता येते.

जमिनीचा विचार घरमालकाच्या आधी केलेला बरा. राहत्या घराच्या मजल्याची रचना भारतीय मानकानुसार प्रत्येक चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून केलेली असते. वावर असलेल्या गच्चीसाठी हा आकडा १५० आहे. आठ फूट बाय चार फुटांचे प्लायवुडचे दोन तक्ते शेजारी शेजारी टाकले की सुमारे सहा चौरस मीटर जागा व्यापते. दीडशे किलोंचे वजन, पाऊणशे किलोंचा माणूस, स्टँड आणि तक्ते धरूनही चौरस मीटरला साठ किलोंच्या आत भार येतो. म्हणजे नुसत्या भाराची भीती नाही; भीती आपटण्याची आहे. साठ किलोंचे वजन एक मीटरवरून पडून एका सेंटिमीटरात थांबले, तर थांबतानाचा सरासरी आघात सहा हजार किलोंच्या भाराइतका होतो. तेच दहा सेंटिमीटरांत थांबले तर तो साडेसहाशेवर उतरतो. सारे रहस्य या थांबण्याच्या अंतरात आहे. पुदुपेटचे जुने टायर वाळू भरून दोन बाजूंना ठेवले, तर प्लेटा त्यांवर पडतात आणि हे अंतर मिळते. तरीही वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने वजन टाकण्याचे व्यायाम सोडूनच द्यावेत आणि जे हाताने हळू खाली ठेवता येते तेवढेच उचलावे.

मैलापूर, तिरुवल्लिक्केणी, जॉर्ज टाउन येथील जुन्या घरांविषयी तर विशेष सावध राहावयास हवे. तेथे अद्याप ‘मद्रास टेरेस’ पद्धतीची छपरे आढळतात. सागवानी तुळयांवर विटा कडेवर उभ्या, तिरप्या ओळींत चुन्यात बसवावयाच्या आणि वर चुना-खडीचा थर देऊन फरशी घालावयाची, अशी ही रचना. उन्हाला आणि पावसाला ती पिढ्यान्‌पिढ्या पुरून उरली. पण वरून बसणारा धक्का सोसण्यासाठी ती योजलेली नाही, आणि तुळईचे टोक भिंतीत कुजले आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. ‘मोट्टैमाडी’, म्हणजे उघडी गच्ची, सकाळच्या वाऱ्यात कितीही मोहक वाटली तरी अशा घरात वर मुद्गल फिरवावेत, सूर्यनमस्कार घालावेत, आणि लोखंड तळमजल्यावर ठेवावे.

हवेचे दोन उपद्रव आहेत. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो, आणि घामातले मीठ त्यात भर घालते. प्लेटांना रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग लावला की काम भागते. रॉडला रंग देता येत नाही, कारण पकड निसटते. तो रोज कोरड्या फडक्याने पुसून आठवड्यातून एकदा यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि उचलण्यापूर्वी ते पुसून टाकावे. दुसरा उपद्रव उन्हाळ्याचा. मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रा’च्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो, २००३ च्या मे महिन्यात नुंगंबाक्कमला ४५ अंशांची नोंद झाली होती. हवा दमट असली की घाम वाहतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करीत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हात ज्याला तासभर व्यायाम झेपतो, त्याने येथे पहिले पंधरा-वीस दिवस निम्म्यावर समाधान मानावे, सूर्योदयापूर्वी आटोपावे आणि नंतर मीठ घातलेले नीरमोर, म्हणजे आपले पातळ ताक, प्यावे. रक्तदाब किंवा अंतर्गळ असलेल्याने वैद्याला विचारल्यावाचून वजनाला हात लावू नये.

घरातील स्त्रियांसाठी वेगळी साधने लागत नाहीत. २००० मध्ये सिडनीला, जेथे स्त्रियांचे भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले, तेथे आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. वर सांगितलेली २५ मिलिमीटरची साधी कांब ही नेमकी स्त्रियांच्या प्रमाणित रॉडच्या जाडीची आहे, आणि मुठीत ती अधिक चांगली बसते. हवे असते ते एवढेच, की वजन थोडे थोडे वाढवता यावे. मोठ्या चकत्या दोनच असल्या तरी चालेल. सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या लहान जोड्या मात्र अवश्य कराव्यात. डोक्यावर रॉड नेण्याच्या व्यायामात एकदम पाच किलोंची उडी कोणाच्याच खांद्याला मानवत नाही.

एकाच इमारतीतील दोन-तीन कुटुंबांनी मिळून ही सोय केली तर खर्च विभागतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उचलताना शेजारी कोणीतरी उभे असते. जागा तळमजल्यावर असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने लक्षात ठेवावेत. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात शहराच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरले. सिमेंटला आणि बिडाला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण प्लायवुड फुगते आणि वाळूचे पोते कुजते. पावसाळी वादळाची सूचना आली की तक्ते उभे करून वरच्या मजल्यावर न्यावेत आणि रॉड तेल लावून भिंतीवरील खुंट्यांवर चढवावा. घर बदलताना मात्र सिमेंटच्या चकत्या बरोबर नेण्याच्या भरीस पडू नये. टेम्पोचे भाडे त्यांच्या मोलाहून अधिक होते. त्या शेजारच्या मुलांना द्याव्यात, लोखंडी प्लेटा ज्या भावाने घेतल्या त्याच्या आसपास पुदुपेटला परत विकाव्यात, आणि रॉड तेवढा सांभाळून न्यावा.